साडेचारवरचे शिखर

२०२२च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, मी पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक लहानसा पंप सुरू करून बसले होते. पंपाच्या तोंडाशी पांढऱ्या रंगाची, दोन बोटे रुंदीची एक गोल गाळणी. पंप हवा ओढणार, हवा गाळणीतून पुढे जाणार आणि हवेतले कण गाळणीवर अडकणार. इतकी साधी मांडणी. सकाळी सहाला गाळणी काढली तेव्हा ती काळसर राखाडी झाली होती. ती चिमट्याने उचलून डबीत ठेवली, डबीवर तारीख लिहिली आणि खाली आले.

खाली तळमजल्यावरचे अण्णा दारातच उभे होते. वय ऐंशीच्या पुढचे, दम्याचा जुना त्रास, खिडक्यांना ओले पंचे लावून रात्र काढलेली. त्यांनी विचारले, "बाई, मिळालं का काही?"

अण्णांच्या प्रश्नामागे एक कारण होते. फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये बंदी घातली आणि २०२१मध्ये ती पुन्हा बजावली. आमच्या सोसायटीने त्या वर्षी ठराव केला होता की, फक्त 'हरित' फटाके आणायचे. खोक्यांवर तसे छापलेलेही होते. पण आदल्या वर्षी आकाशात इतका हिरवा रंग दिसला होता की, अण्णांनी सभेत उभे राहून सांगितले, "हा बेरियमचाच हिरवा आहे." ते आयुष्यभर रसायनांच्या कारखान्यात होते, त्यामुळे ज्योतीचे रंग त्यांना पाठ. लोक हसले. कोणीतरी म्हणाले, "सिद्ध करा." अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली, आणि संशोधनाची माझी बरीच वर्षे हवेतल्या धुळीवर गेलेली. मी हो म्हटले.

त्या गाळणीचे पुढे काय झाले आणि मी त्यात कशी चुकले, हे सांगण्यासाठी हा लेख. त्याआधी गाळणीवरच्या चिमूटभर काजळीला 'तुझ्यात काय काय आहे?' असे विचारायचे कसे, ते पाहू.

अणूची सही

ज्या पद्धतीविषयी मी लिहिते आहे तिचे नाव कणप्रेरित क्ष-किरण उत्सर्जन. इंग्रजी आद्याक्षरांवरून प्रयोगशाळांत तिला 'पिक्सी' म्हणतात. कल्पना सोपी आहे. अणूच्या केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन कवचांमध्ये राहतात. सर्वांत आतले 'के' कवच, त्याबाहेर 'एल', मग 'एम'. बाहेरून एखादा वेगवान कण आला आणि त्याने आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवला, तर तिथे जागा रिकामी होते. बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉन त्या जागी उतरतो आणि दोन कवचांच्या ऊर्जेतला फरक क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडू शकतो. हा फरक प्रत्येक मूलद्रव्याचा ठरलेला. लोहाचा मुख्य क्ष-किरण ६.४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, तांब्याचा ८.०५चा, जस्ताचा ८.६४चा. लोह गंजात असो, रक्तात असो की गाळणीवरच्या धुळीत, ही संख्या बदलत नाही. म्हणूनच तिला अणूची सही म्हणायचे. (हे एकक वारंवार येईल, म्हणून पुढे नुसते आकडेच लिहिते.)

ही सही ओळखायला शिकवली हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने. १९१३मध्ये त्याने एकामागून एक मूलद्रव्ये घेऊन त्यांचे क्ष-किरण मोजले आणि दाखवले की, या किरणांच्या वारंवारतेचे वर्गमूळ अणुक्रमांकाबरोबर सरळ रेषेत वाढते. आवर्तसारणीतली जागा अणुभारावरून नव्हे, तर केंद्रकावरच्या भारावरून ठरते, हे त्यातून पक्के झाले. दोनच वर्षांनी, १९१५मध्ये, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणभूमीवर मोझली मारला गेला. तेव्हा तो फक्त २७ वर्षांचा होता.

प्रोटॉनच का?

मोझलीने इलेक्ट्रॉनांचा मारा वापरला होता. इलेक्ट्रॉन तयार करणे स्वस्त, मग प्रोटॉनासाठी दोन मजली यंत्र कशाला? कारण गोंगाट. वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थात शिरला की, केंद्रकांच्या ओढीने त्याची वाट सारखी वळते, वेग घटतो आणि प्रत्येक वेळी तो स्वतःच क्ष-किरण सोडतो. या किरणांना ठरावीक ऊर्जा नसते, सगळ्या ऊर्जांचा सरमिसळ कल्लोळ असतो. जत्रेत उभे राहून एखाद्याची कुजबुज ऐकावी, तसे मग त्यातून एखाद्या दुर्मीळ मूलद्रव्याची सही शोधावी लागते.

प्रोटॉन इलेक्ट्रॉनापेक्षा १८३६ पट जड. हा कल्लोळ कणाच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणजे प्रोटॉनाच्या बाबतीत तो तीस लाखांहून अधिक पटींनी कमी. हातगाड्यांच्या गर्दीतून भरधाव ट्रक जावा तसा प्रोटॉन जातो. हातगाड्या उडतात, ट्रकची दिशा फारशी बदलत नाही. अर्थात उडालेल्या हातगाड्याही इतरांना धडकतात. प्रोटॉनाने उडवलेले इलेक्ट्रॉन थोडा कल्लोळ करतातच. पण ३० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन एका सैल इलेक्ट्रॉनाला जास्तीत जास्त साडेसहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट देऊ शकतो. त्यामुळे तो कल्लोळ मुख्यतः त्या आकड्याच्या खाली राहतो आणि वरचा प्रदेश बऱ्यापैकी शांत असतो. गाळणी पातळ असेल, तर प्रोटॉन तिच्यातून आरपार निघून जातात आणि गोंगाट आणखी कमी होतो.

१९७०मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे स्वेन योहान्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी प्रोटॉनाचा मारा आणि त्या काळी नवा असलेला सिलिकॉनचा शोधक एकत्र आणले आणि दाखवून दिले की, या मार्गाने एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाइतके मूलद्रव्यही ओळखता येते. पिक्सीचा जन्म तिथला. या शोधकाचे वैशिष्ट्य असे की, तो सगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण एकाच वेळी मोजतो. किरण आला की, त्याच्या ऊर्जेच्या प्रमाणात विजेचा एक ठोका पडतो आणि संगणक तो ठोका योग्य खणात टाकतो. काही मिनिटांत पडद्यावर शिखरांची रांग उभी राहते. आडव्या अक्षावर ऊर्जा, उभ्या अक्षावर किरणांची संख्या. शिखराची जागा सांगते 'कोण', शिखराखालचे क्षेत्रफळ सांगते 'किती'.

प्रोटॉन वेगवान करण्याचे यंत्र बहुधा टँडेम प्रकारचे असते. हायड्रोजनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवून तो ऋणभारित करायचा. यंत्राच्या मध्यावर १५ लाख व्होल्टचा धन दाब असतो, तो त्याला ओढून घेतो. मध्यावर पोचताच त्याचे दोन्ही इलेक्ट्रॉन खरवडून काढायचे. आता उरला धनभारित प्रोटॉन, आणि तोच दाब त्याला तितक्याच जोराने पुढे ढकलतो. एकाच दाबाचा दोनदा उपयोग. भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्समध्ये ३० लाख व्होल्टपर्यंतचे असे यंत्र आहे आणि तिथे जुन्या नाण्यांपासून हवेतल्या धुळीपर्यंत अनेक गोष्टींवर काम झाले आहे. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात 'फोटिया' नावाचा घडीचा टँडेम आहे, त्यावरही पिक्सी होते.

प्रोटॉनांची धार किती? एक नॅनोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे सहा अब्ज प्रोटॉन. ऐकायला प्रचंड, पण इतक्या धारेखाली गाळणी ना जळते ना विरघळते. मोजून झाल्यावर ती पुन्हा डबीत ठेवता येते. संवेदनक्षमता दहा लाखांत एका भागाच्या आसपास. एक किलो साखरेत मिठाचे पंधरा-वीस कण पडले, तर तेवढे.

जिथे वस्तूला ओरखडाही चालत नाही

नमुना नष्ट होत नाही म्हणूनच ही पद्धत संग्रहालयांत पोचली. प्रोटॉनांची धार पातळ खिडकीतून निर्वात नळीबाहेर, साध्या हवेत आणता येते. हवेत ती काही सेंटिमीटर सहज टिकते. मग मूर्ती, हस्तलिखित, चित्र यांचा तुकडा कापण्याची गरज नाही, वस्तूच खिडकीसमोर धरायची. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या तळघरात यासाठी खास वेगवर्धक आहे.

फ्लॉरेन्समध्ये गॅलिलिओच्या गतीविषयक टिपणांवर असेच काम झाले. त्या सुट्या पानांवर तारखा नव्हत्या, त्यामुळे कोणता विचार आधी सुचला आणि कोणता नंतर, हे कळत नव्हते. त्या काळची शाई लोहाची, पण तिच्यात तांबे, जस्त, शिसे यांचे अंश असत आणि दर खेपेच्या शाईत त्यांचे प्रमाण वेगळे पडे. गॅलिलिओची तारीख घातलेली पत्रे आणि हिशेबाचे कागद होतेच. त्यांतल्या शाईशी टिपणांतली शाई ताडून पाहिली आणि पानांचा क्रम लावायला मदत झाली.

पण या पद्धतीची मर्यादा शिकवणारे उदाहरण अमेरिकेतल्या येल विद्यापीठाकडच्या 'विनलँड नकाशा'चे. हा नकाशा पंधराव्या शतकातला असल्याचा दावा होता. कोलंबसाच्या आधीच उत्तर अमेरिकेचा किनारा त्यावर दाखवलेला. १९७४मध्ये वॉल्टर मॅक्रोन यांनी शाईचे सूक्ष्म कण तपासून सांगितले की, त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा विसाव्या शतकातला रंग आहे, सबब नकाशा बनावट. १९८७मध्ये डेव्हिस इथल्या थॉमस केहिल यांच्या गटाने पिक्सी लावली आणि म्हटले की, टायटॅनियम अगदी अल्प आहे, एवढ्यावरून बनावट म्हणता येत नाही. वाद तीसेक वर्षे चालला. २०२१मध्ये येलनेच नव्या तपासणीनंतर जाहीर केले की, नकाशाच्या रेषांवर सर्वत्र टायटॅनियम आहे आणि नकाशा बनावट आहे. यंत्र चांगले असूनही माणसे वेगवेगळ्या निष्कर्षांवर पोचली. आकडा यंत्राचा असतो, अर्थ आपण लावतो.

हे मला ठाऊक होते. वर्गात मी ते शिकवलेही होते. तरी माझी चूक झाली ती नेमकी टायटॅनियमपाशीच.

माझी चूक

ओळखीच्या एका प्रयोगशाळेत मला दोन तासांची वेळ मिळाली. दोन गाळण्या नेल्या होत्या. एक दिवाळीच्या आठवडाभर आधीची, एक लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची. दिवाळीच्या गाळणीचा वर्णपट पडद्यावर आला तेव्हा गंधक आणि पोटॅशियमची शिखरे खांबासारखी उभी होती. ते अपेक्षितच. फटाक्याच्या दारूत गंधक आणि सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, असतातच. पुढे कॅल्शियम, मग साडेचारच्या आसपास एक ठळक शिखर, मग लोह.

शिखरांखालचे क्षेत्रफळ हाताने मोजत नाहीत. त्यासाठी संगणकाचा कार्यक्रम असतो. त्याला आधी मूलद्रव्यांची यादी द्यावी लागते. तो त्या यादीतल्या प्रत्येकाच्या सह्या योग्य प्रमाणात मिसळून मोजलेल्या वर्णपटाशी जुळवतो. मी माझी जुनी, धुळीच्या कामातली यादी दिली. तीत टायटॅनियम होते, बेरियम नव्हते. उत्तर आले: साडेचारचे शिखर टायटॅनियमचे.

मला ते पटलेही. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात दोन-तीन टक्के टायटॅनियम ऑक्साइड सापडते. त्या पाषाणाची माती, रस्त्यावरची खडी, बांधकामाची धूळ, सगळ्यांत ते येते. पुण्याच्या हवेत टायटॅनियम नसते तरच नवल. मी सोसायटीच्या फलकावर चार ओळींची चिठ्ठी लावली: 'गाळणीवर बेरियम आढळले नाही.' सभेतले लोक अण्णांना चिडवू लागले. अण्णा मला एवढेच म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता तर नसेल. डोळे म्हातारे झाले."

पंधरा दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी तो वर्णपट उघडला, तेव्हा मोजलेली रेघ आणि संगणकाने जुळवलेली रेघ एकमेकींपासून एका ठिकाणी सुटलेल्या दिसल्या. साडेचारच्या शिखराच्या उजव्या खांद्यावर, ४.८च्या जवळ. मोजलेली रेघ बरीच वर, जुळवलेली खाली. मी पहिल्या वेळी शिखरे पाहिली होती, खांदे पाहिले नव्हते.

आता आकडे पाहा. टायटॅनियमची मुख्य रेषा ४.५१. बेरियमचा अणू बराच जड. त्याच्या 'के' रेषा बत्तीसच्या पुढे असतात आणि आपले प्रोटॉन त्या फारशा चेतवत नाहीत. पण त्याच्या 'एल' कवचाची मुख्य रेषा ४.४७. दोघींत फरक ०.०४ ते ०.०५चा, आणि शोधकाला वेगळे ओळखता येते ते ०.१५च्या आसपास अंतर असेल तर. म्हणजे पडद्यावर दोन्ही मिळून एकच शिखर. आर्सेनिक आणि शिशाचेही असेच असते, १०.५४ आणि १०.५५. एकाला दुसरा समजून कित्येक चुका होऊ शकतात.

मग त्यांना वेगळे करायचे कसे? मुख्य रेषेवरून नाही, तिच्यामागून येणाऱ्या जोडीदार रेषांवरून. टायटॅनियमची दुसरी रेषा ४.९३वर असते आणि ती मुख्य रेषेच्या सातव्या-आठव्या भागाइतकीच. बेरियमची दुसरी ४.८३वर, आणि ती मुख्य रेषेच्या निम्म्याहून मोठी. शिवाय बेरियमचे लहान उंचवटे ५.१६ आणि ५.५३वरही असतात. टायटॅनियमकडे तिथे काही नसते. जुळी भावंडे चेहऱ्याने ओळखता आली नाहीत, तर चालीवरून ओळखावी, तसे.

मी यादीत बेरियम घातले आणि कार्यक्रम पुन्हा चालवला. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. तेवढ्यावर थांबले नाही, कारण यादीत जादा नाव घातले की, जुळणी जरा सुधारतेच. प्रयोगशाळेकडे बेरियम फ्लोराइडचा पातळ थर दिलेली प्रमाण तबकडी होती. तिचा वर्णपट मागवून घेतला. खांद्याचा आकार तोच, उंचवटे त्याच जागी. मग दिवाळीआधीची गाळणी पाहिली. तिच्यावर साडेचारचे शिखर होते, पण खांदा टायटॅनियमला शोभेल इतकाच लहान. हे तपासणे गरजेचे होते, कारण बेरियम फटाक्यांतूनच येते असे नाही. वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरात बेरियम सल्फेट वापरतात आणि रहदारीच्या रस्त्यावर त्याचीही धूळ असते. ब्रेक तर रोजच लागतात. ते बेरियम आधीच्या गाळणीवरही तेवढेच ठळक दिसायला हवे होते, ते दिसले नाही. शेवटी १४.२चा भाग पाहिला. तिथे स्ट्रॉन्शियम दिवाळीच्या रात्री ठळक होते, आधी जेमतेम. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा.

गाळणीवर टायटॅनियम होते. बेरियमही होते.

पिक्सी काय सांगत नाही

चिठ्ठी बदलण्याआधी मी स्वतःशी नीट मांडणी केली की, मला नेमके काय कळले आहे. पिक्सी मूलद्रव्य सांगते, संयुग सांगत नाही. बेरियम नायट्रेटच्या रूपात होते की दुसऱ्या कोणत्या, हे सहीवरून कळत नाही, कारण सही आतल्या कवचाची आणि रासायनिक बंध बाहेरच्या. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन तर दिसतच नाहीत. हलक्या अणूंत रिकामी जागा भरताना क्ष-किरणाऐवजी बहुतेक वेळा दुसरा इलेक्ट्रॉनच बाहेर फेकला जातो आणि जे थोडे मंद किरण निघतात, ते शोधकाच्या खिडकीतच अडकतात. म्हणजे काजळीचा मोठा भाग, जो मुख्यतः कार्बनचाच, या पद्धतीला अदृश्य. जाड वस्तूंत ती फक्त वरचा थर पाहते, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. जुन्या हिणकस चांदीच्या नाण्याच्या पृष्ठभागावर चांदीचे प्रमाण आतल्यापेक्षा जास्त असू शकते. वरवर पाहिले, तर नाणे आहे त्याहून खरे वाटेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे, हवेला पत्ता नसतो. आमच्या गच्चीवर आलेला कण आमच्याच आवारातल्या फटाक्याचा की पलीकडच्या गल्लीतला, हे एका गाळणीवरून सांगता येत नाही. त्यासाठी तासातासाला गाळणी बदलावी लागते, वाऱ्याची दिशा नोंदवावी लागते, एकाऐवजी चार ठिकाणी पंप लावावे लागतात. बेरियम कुठल्या खोक्यातून आले, हे मला माहीत नव्हते आणि नाही.

फलकावर नवी चिठ्ठी लावली: 'आधीची चिठ्ठी चुकीची होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच्या गाळणीवर बेरियम आढळले. पहिल्या वेळी मी ते शोधलेच नव्हते. ते कोणाच्या फटाक्यांतून आले, हे या तपासणीतून कळत नाही.' खाली सही केली. जुनी चिठ्ठी काढली नाही, शेजारीच राहू दिली.

मग अण्णांकडे गेले. सगळे सांगितले. साडेचार, खांदा, जोडीदार रेषा, माझी अपुरी यादी. त्यांनी शांतपणे ऐकले. "म्हणजे यंत्रात दिसत होतं, पण तुम्ही विचारलं नव्हतं," ते म्हणाले. मी म्हटले, "हो अण्णा. माफ करा. तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं पाडलं मी."

"ते असू दे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी किती पंप लावायचे?"

आम्ही कागद घेऊन बसलो. त्यांनी चारही इमारतींचा नकाशा काढला, संध्याकाळचा वारा कुठून कुठे जातो ते बाणांनी दाखवले. बत्तीस वर्षे ते त्या दारात बसत आले आहेत, त्यांना ते ठाऊक होते. गाळण्या बदलायला पोरे लागतील म्हणून दुसऱ्या मजल्यावरची दोन नावेही त्यांनीच सुचवली, आणि दोन्ही सभेत सर्वांत मोठ्याने हसलेल्यांच्या घरातली होती.